शुक्रवारी सर्व्हर रांगतो, रविवारी पळतो – पोस्टग्रेस ट्यूनिंगसाठी मदत हवी (पुणे, मार्केट यार्ड)

आवक_जावक | शुक्रवार, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी. गुलटेकडीला मार्केट यार्डातल्या काही आडत्यांचं बिलिंग एका सामाईक सर्व्हरवर चालतं, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीचं, सर्व्हर आमचा. डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १४, लिनक्स, ३२ जीबी रॅम, ८ कोअर, एसएसडी. डेटाबेस साधारण १४० जीबीचा. पहाटे चारपासून आठपर्यंत सत्तरेक गाळ्यांवरून नोंदी येतात: लिलावाचा भाव, वजन, हमाली, तोलाई, खरेदीदाराची उधारी, शेतकऱ्याची पट्टी.

अडचण अशी की खरेदीदाराचं नाव निवडलं की त्याची बाकी दिसायला चार-पाच सेकंद लागतात. गाळ्यावर टेम्पो उभा, हमाल खोळंबलेले, आणि पोरगा स्क्रीनकडे बघत बसलाय. मग फोन मला.

एक व्हिडिओ बघून शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) २४ जीबी, वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाची मेमरी) २५६ एमबी आणि मॅक्स कनेक्शन्स ५०० केलंय. फरक शून्य. कंपनीवाले म्हणतात रॅम ६४ करा आणि ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी साफसफाई) बंद करा, तोच सारखा चालू दिसतो आणि तोच खातोय. ऑटोव्हॅक्यूम खरंच सतत चालू दिसतो, ते खोटं नाही. कुठलं सेटिंग किती ठेवू, कुणी सांगेल का?

---

भोसरी_एमआयडीसी | शुक्रवार, दुपारी २:३५

६४ करून टाका राव. आमच्या ईआरपीला तेच केलं होतं. रॅमचा खर्च एकदाच, डोकेदुखी रोजची.

---

निवृत्त_डीबीए | शुक्रवार, दुपारी ३:२०

थांबा. औषधाच्या आधी नाडी बघू.

आकडे विचारलेत म्हणून आकड्यांचं आधी सांगून टाकतो, पण तुमचा आजार तिथे नाही असं मला वाटतं. पोस्टग्रेस लिनक्सच्या स्वतःच्या कॅशवरही विसंबून असतो. म्हणून शेअर्ड बफर्स रॅमच्या पाव भागापासून सुरू करावेत, आणि ४० टक्क्यांच्या वर नेऊन सहसा काही हाती लागत नाही, हे त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय. तुमच्याकडे ८ जीबी. इफेक्टिव्ह कॅश साइझ २० जीबी लिहा. त्याने एक बाइटही राखून ठेवली जात नाही, प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, फक्त अंदाज मिळतो.

वर्क मेम २५६ बघून मात्र अंगावर काटा आला. ती मर्यादा कनेक्शनमागे नसते. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला तेवढी मुभा मिळते. सत्तर जणांनी एकदम दोन-दोन सॉर्टवाला रिपोर्ट काढला तर गणित तुम्हीच करा. लिनक्स मग एखादी प्रोसेस मारतो, आणि पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मेली की बाकीची सगळी कनेक्शनंही तुटून रिकव्हरी सुरू होते. सगळ्यांना १६ एमबी ठेवा. रिपोर्टसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा वापरकर्ता) करा आणि अल्टर रोलने त्यालाच १२८ द्या.

आता माझे प्रश्न. त्रास कुठल्या वारी जास्त? सर्व्हर रीस्टार्ट केला की बरं वाटतं का? सीपीयू भरलेला असतो की डिस्क? आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (क्वेरींच्या वेळेची नोंद ठेवणारी सोय) चालू असेल तर एकूण वेळेनुसार वरच्या पाच क्वेरी टाका.

---

मुळामुठा | शुक्रवार, दुपारी ३:४१

मायएसक्यूएल वापरा, हे प्रश्नच येत नाहीत.

---

निवृत्त_डीबीए | शुक्रवार, दुपारी ३:४४

वेगळे येतात. पुढे.

---

आवक_जावक | शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

काका, वाराचं तुम्ही विचारलंत आणि मीच चमकलो. शनिवारी यार्डाला सुट्टी, तेव्हा आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करतो. रविवारी आठवड्यातली सगळ्यात मोठी आवक, आणि रविवारीच कुणाचा फोन नसतो! सोमवारीही ठीक. बुधवारपासून कुरकुर, आणि शुक्रवारी आवक निम्मी असूनही बोंबाबोंब.

सीपीयू आठही कोअर भरलेले. डिस्क जवळजवळ रिकामी.

वरच्या पाचांत पहिल्या दोन क्वेरी एकाच टेबलवरच्या: खरेदीदार_बाकी. एक सिलेक्ट (वाचणारी), एक अपडेट (बदलणारी). टेबल तर चिमूटभर आहे, सगळे खरेदीदार धरून ३,१०० ओळी. इंडेक्सही आहे, प्लॅनमध्ये वापरलाही जातो.

---

इंडेक्सवाली | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

३,१०० ओळींचं टेबल डिस्कवर केवढं आहे? पीजी_टोटल_रिलेशन_साइझ चालवा. आणि त्या सिलेक्टचा एक्स्प्लेन ॲनलाइझ (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली त्याचा अहवाल) बफर्ससकट टाका, आजच्या आज, शनिवारच्या रीस्टार्टआधी. उद्या पुरावा पुसला जाईल.

---

आवक_जावक | शुक्रवार, संध्याकाळी ७:१२

इंडेक्स धरून ३१० एमबी!! एका मोठ्या खरेदीदारासाठी चालवलं. इंडेक्स स्कॅन, परत आलेली ओळ १, शेअर्ड हिट ६,२१४, रीड ०. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये जिवंत ओळी ३,१०२, मृत ओळी ९ लाखांच्या घरात.

---

इंडेक्सवाली | शुक्रवार, रात्री ८:००

सापडला धागा. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: ओळ १, पाने ६,२१४. एक पान ८ केबीचं, म्हणजे एका माणसाची बाकी दाखवायला सुमारे ५० एमबी चाळलं. आणि रीड शून्य, म्हणजे झाडून सगळी पाने मेमरीतच सापडली. त्यामुळे भोसरीकर, इथे ६४ काय नि १२८ काय, उपयोग नाही. डेटा रॅममध्येच आहे, प्रोसेसर कचरा उपसण्यात दमतोय.

कचरा येतो कुठून? पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ खोडत नाही. शेजारी नवी आवृत्ती लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण आधी सुरू झालेल्या कुणाला तरी ती अजून बघायची असू शकते. अशी गरज कुणालाच उरली नाही की व्हॅक्यूम ती जागा मोकळी करतो. तुमच्या बड्या खरेदीदाराच्या नावावर आठवडाभरात हजारो जुन्या आवृत्त्या साचल्यात. इंडेक्स प्रत्येकीपाशी घेऊन जातो, तिथे कळतं की ही शिळी, पुढे चला.

ऑटोव्हॅक्यूम सतत का दिसतो तेही यातच आलं. टेबलच्या २० टक्के अधिक ५० ओळी मृत झाल्या की तो येतो. तुमच्याकडे ती रेषा कधीच ओलांडली गेलीय, म्हणून दर मिनिटाला येतो, नऊ लाख ओळी तपासतो, आणि एकही उचलता न आल्यामुळे हात हलवत परत जातो. त्याला बंद करणं म्हणजे कचरा उचलला जात नाही म्हणून घंटागाडीच बंद करणं.

प्रश्न एकच उरतो: त्याला उचलू कोण देत नाहीये? त्या टेबलवर हाताने व्हॅक्यूम व्हर्बोस चालवा.

---

आवक_जावक | शुक्रवार, रात्री ८:२६

आलं! नऊ लाखांचा आकडा आणि पुढे "डेड रो व्हर्जन्स कॅनॉट बी रिमूव्ह्ड येट", मग ओल्डेस्ट एक्समिन म्हणून एक मोठा नंबर.

---

सिंहगड_रोड | शुक्रवार, रात्री ८:३१

आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं कनेक्शन! पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये त्या स्टेटची जेवढी कनेक्शनं दिसतील तेवढी मारून टाका. माझ्याकडे दर पाच मिनिटांनी क्रॉनच (ठरल्या वेळी कामं चालवणारा) मारतो.

---

इंडेक्सवाली | शुक्रवार, रात्री ८:५०

अहो, सरसकट मारू नका. एखाद्या गाळ्यावरची अर्धी पावती जाईल आणि शिव्या आवक_जावकांना बसतील.

शिवाय प्रत्येक आयडल इन ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला अडवतंच असं नाही. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीत नुसता सिलेक्ट करून थांबलेलं कनेक्शन आपला स्नॅपशॉट (त्या क्षणीचं डेटाचं चित्र) सोडून देतं. त्याने टेबलावरचं साधं कुलूप धरलेलं असतं, पण जुन्या ओळी धरलेल्या नसतात. अडवतात ते असे: ज्यांनी काहीतरी लिहून कमिट (पक्कं) केलेलं नाही, जे रिपीटेबल रीडमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शनभर एकच स्नॅपशॉट धरून आहेत (बॅकअपचा पीजी_डम्प त्यातच चालतो), आणि ज्यांचा कर्सर (निकाल थोडाथोडा आणण्याची सोय) अर्धवट उघडा आहे.

तेव्हा स्टेट बघू नका, बॅकएंड_एक्समिन आणि बॅकएंड_एक्सआयडी बघा, कोण किती जुनं धरून बसलंय ते त्यात दिसतं. त्यांना एज फंक्शन लावा आणि सगळ्यात म्हातारा वर येईल असा क्रम लावा. सोबत झॅक्ट_स्टार्ट, क्लायंट_ॲडर आणि क्वेरी घ्या. तिथे कुणी सापडलं नाही तर पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स आणि पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स. बंद पडलेल्या स्टँडबायचा (राखीव सर्व्हरचा) विसरलेला स्लॉट पुष्कळदा तिथे निघतो.

---

आवक_जावक | शुक्रवार, रात्री ९:४०

सापडलं. एकच कनेक्शन, रविवारी पहाटे पाचपासून उघडं. आयपी एका आडत्याच्या ऑफिसातल्या दिवाणजींच्या पीसीचा. क्वेरी थकबाकी यादीच्या रिपोर्टची, फेच १०० कर्सरमधून.

दिवाणजींना फोन लावला. ते म्हणाले, "ती यादी मी रविवारी एकदा उघडतो आणि आठवडाभर खाली बारीक करून ठेवतो, सारखी कोण उघडणार?" कंपनीच्या ग्रिडचा प्रकार असा की शंभर ओळी आणते आणि खाली सरकवाल तशा पुढच्या शंभर. कर्सर तोवर उघडाच. दिवाणजी "क"च्या पुढे कधी जातच नाहीत, त्यामुळे यादी संपत नाही आणि कर्सरही बंद होत नाही.

खिडकी बंद करायला लावली आणि पुन्हा व्हॅक्यूम चालवला. तोच सिलेक्ट, बफर्स ६.

सहा!

---

निवृत्त_डीबीए | शनिवार, सकाळी ७:१५

शाब्बास. आता दिवाणजींवर डाफरू नका, त्यांनी फक्त यादी उघडली होती. दोष ग्रिड लिहिणाऱ्याचा आहे. वापरणाऱ्याच्या खिडकीच्या आयुष्याला ट्रान्झॅक्शनचं आयुष्य बांधायचं नसतं. कंपनीला दोन पर्याय लिहून पाठवा. एक, यादी पानापानाने आणा: शेवटचं नाव लक्षात ठेवून "त्याच्या पुढची शंभर" अशी नवी क्वेरी, दर वेळी स्वतंत्र. दोन, कर्सरच हवा असेल तर विथ होल्ड. त्यात कमिट करताच निकालाची प्रत बाजूला काढून ठेवली जाते आणि स्नॅपशॉट सुटतो.

तोवर तुमच्या हातात असलेला उपाय: आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट. ९.६ पासून आहे. रिपोर्टच्या रोलला १५ मिनिटं ठेवा.

---

सिंहगड_रोड | शनिवार, सकाळी ९:०२

म्हणजे शेवटी मारायचंच की. माझा क्रॉन तेच करतो.

---

इंडेक्सवाली | शनिवार, सकाळी ९:२०

तुमचा क्रॉन बिलिंगलाही मारतो, हा फरक आहे. पण बिलिंगच्या रोलला टाइमआउट नकोच असं मी म्हणत नाही. पोरगा पावती अर्धी भरून चहाला गेला, तर त्या खरेदीदाराच्या ओळीवर त्याचं कुलूप राहतं आणि शेजारच्या गाळ्याची पावती लटकते. तिथे दोन मिनिटंही चालतील. फक्त आधी चाचणी सर्व्हरवर बघा की कनेक्शन तुटल्यावर सॉफ्टवेअर काय करतं. काही नग असे असतात की एरर गिळतात आणि "पावती जतन झाली" म्हणतात.

---

सिंहगड_रोड | शनिवार, सकाळी ९:२४

हे मान्य.

---

भोसरी_एमआयडीसी | शनिवार, सकाळी १०:१०

एक बाळबोध प्रश्न. रोज रात्री रीस्टार्ट केला असता तरी भागलं असतं ना?

---

निवृत्त_डीबीए | शनिवार, सकाळी १०:३०

भागलं असतं, आणि तसं भागवणारे पुण्यात कमी नाहीत. पण रीस्टार्ट झाल्यावर शेअर्ड बफर्स रिकामे, आणि पहाटे चारला गर्दी. अन् यार्डातल्या सगळ्यांना थांबवायचं ते एका माणसाची एक खिडकी बंद करायला.

---

इंडेक्सवाली | शनिवार, सकाळी ११:००

आज सुट्टी आहे तोवर त्या टेबलचं उरलेलं काम उरका. व्हॅक्यूमने जागा मोकळी झाली तरी फाइल सहसा लहान होत नाही. ३,१०० ओळींचं टेबल आहे, व्हॅक्यूम फुल करा, क्षणात होईल. तेवढ्या वेळापुरतं टेबल पूर्ण बंद राहतं, म्हणून आजच. पट्टीच्या मोठ्या टेबलावर मात्र हे चुकूनही करू नका.

त्या टेबलावरचे सगळे इंडेक्स इथे लिहाल का? मला एक शंका आहे.

---

आवक_जावक | शनिवार, दुपारी १२:४५

प्रायमरी की, नाव, आणि एक बाकी_रक्कम कॉलमवर.

---

इंडेक्सवाली | शनिवार, दुपारी १:०५

तीच शंका होती. "सर्वात जास्त बाकी कुणाची" या रिपोर्टसाठी कुणीतरी तो तिसरा इंडेक्स केलेला दिसतो. उडवा. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये हॉट अपडेट नावाची सोय आहे: बदललेला कॉलम कुठल्याही इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नव्या आवृत्तीसाठी इंडेक्सला हातच लावावा लागत नाही, आणि जुनी आवृत्ती व्हॅक्यूमची वाट न बघता पान वाचता-लिहिताना साफ होऊ शकते. तुमच्याकडे सतत बदलतो तो कॉलम एकच, बाकी_रक्कम. त्याच्यावरच इंडेक्स ठेवलात, म्हणजे ही सोय हाताने बंद केलीत. ३,१०० ओळी सॉर्ट करायला इंडेक्स कशाला हवा?

फिलफॅक्टर ७० करा, मग व्हॅक्यूम फुल. दर पानावर थोडी जागा राखून ठेवली जाईल. नंतर पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट यांचं प्रमाण बघा.

एका पावतीत हीच ओळ किती वेळा अपडेट होते तेही तपासा. आठवड्यात नऊ लाख हा आकडा मला पचत नाहीये.

---

आवक_जावक | शनिवार, संध्याकाळी ५:३०

बरोबर पकडलंत ताई. पावतीतल्या दर ओळीला आधी माल, मग हमाली, मग तोलाई, मग क्रेटची अनामत, प्रत्येकासाठी बाकी वेगळी अपडेट होते. कंपनीला लिहिलंय की पावती संपल्यावर एकदाच करा. उत्तर आलं, "पुढच्या आवृत्तीत बघू."

तिसरा इंडेक्स काढला, फिलफॅक्टर ७०, व्हॅक्यूम फुल झालं. टेबल आता एक एमबीच्या आसपास. शेअर्ड बफर्स ८ जीबी, वर्क मेम १६ केलं, रिपोर्टचा रोल वेगळा केला. मॅक्स कनेक्शन्स ५०० चं काय करू?

---

निवृत्त_डीबीए | शनिवार, संध्याकाळी ६:१०

१५० पुष्कळ झालं. आठ कोअरवर एका वेळी कामं होऊन होऊन किती होणार? बाकीचे रांगेतच उभे राहणार, मग रांग पीजीबाउन्सरमध्ये (कनेक्शनं वाटून देणारा मधला प्रोग्राम) लागू दे. त्यात ट्रान्झॅक्शन पूलिंग घेणार असाल तर सेशनवर अवलंबून असलेल्या गोष्टी मोडतात, सेट, लिसन, सेशनची ॲडव्हायझरी कुलुपं वगैरे. प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स १.२१ पासून चालतात, त्याच्या आधीची आवृत्ती घेऊ नका. पण सत्तर गाळ्यांसाठी आत्ता गरज नाही. गाळे वाढले की बघू.

---

मुळामुठा | शनिवार, रात्री ९:००

मायएसक्यूएलचं मागे घेतो, तिथेही जुनं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं की अंडू लॉग (जुन्या आवृत्त्यांचा साठा) फुगतो. ;-)

पण एक कानगोष्ट: एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं उतरवणं) ऑफ करून बघा, नोंदी सुसाट होतात.

---

निवृत्त_डीबीए | शनिवार, रात्री ९:०६

कानगोष्ट कानातच ठेवा. एफसिंक ऑफ असताना वीज गेली तर डेटाबेस उघडेल याची खात्री नाही. आणि आपल्याकडे गुरुवार, म्हणजे देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार, दर आठवड्याला येतो. यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, हे किती जण छातीठोकपणे सांगतील?

वेग हवाच असेल तर सिंक्रोनस कमिट ऑफ हा सभ्य मार्ग आहे. वीज गेल्यास शेवटच्या क्षणभरातले कमिट जातात, पण डेटाबेस धड राहतो. उधारीच्या हिशेबात मी तेही करणार नाही. क्षणभरातल्या एका पावतीवरून यार्डात काय महाभारत होईल ते तुम्हाला माहीत आहे.

---

आवक_जावक | रविवार, सकाळी ११:२०

आज शांतता होती, पण रविवार काय, नेहमीच शांत असतो. खरी परीक्षा शुक्रवारी.

तोवर एक वेगळा प्रश्न विचारून घेतो. शेतकऱ्याच्या गावावरून शोधताना "नऱ्हे" टाकलं की निम्म्याच पट्ट्या येतात. कऱ्हाडचंही तेच. स्पेलिंग डोळ्यांना हुबेहूब सारखं आहे. इंडेक्स खराब झाला असेल का?

---

इंडेक्सवाली | रविवार, दुपारी १२:१५

इंडेक्स बिचारा ठीक असेल. ऱ्ह दोन-तीन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). क्वचित र आणि नुक्ता. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळी गावं. एका गाळ्यावर फोनेटिक कीबोर्ड, दुसऱ्यावर इनस्क्रिप्ट, की झालंच.

पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात ते र आणि नुक्त्याचा ऱ करून देतं. झेडडब्ल्यूजेवालं रूप मात्र ते एकत्र आणत नाही, त्यासाठी तुम्हालाच रिप्लेस लिहावा लागेल. नोंद करतानाच ट्रिगरमध्ये (नोंदीबरोबर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही करा, आणि शोधायला येणाऱ्या शब्दालाही तेच फंक्शन लावा. एकाच बाजूला लावलंत तर गोंधळ दुप्पट.

आणि खरं तर गाव टाइपच का करू देता? गावांचं वेगळं टेबल करा, यादीतून निवडू द्या.

---

सिंहगड_रोड | रविवार, दुपारी १२:४०

नऱ्ह्यात राहतो. कुरियरवाल्यांच्या ॲपमध्ये माझं गाव का सापडत नाही, ते आज कळलं.

---

आवक_जावक | पुढचा शुक्रवार, सकाळी ९:१५

चार ते आठ, एकही फोन नाही. बाकीचा सिलेक्ट बफर्स ५, वेळ एक मिलिसेकंदाच्या आत. मृत ओळी काही शेकड्यांत. अपडेटपैकी बहुतेक सगळे हॉट. दिवाणजींची यादी पंधरा मिनिटांनी "कनेक्शन तुटले" म्हणते म्हणून ते खवळलेत. त्यांना ती एक्सेलमध्ये काढून दिली, आता खूश आहेत.

एक बारीक खोच राहिली. पहाटे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान मृत ओळी चढतात, मग आपोआप उतरतात. तेव्हा कुठलीही खिडकी उघडी नसते.

---

इंडेक्सवाली | पुढचा शुक्रवार, सकाळी ९:३२

बॅकअप किती वाजता लागतो?

---

आवक_जावक | पुढचा शुक्रवार, सकाळी ९:३५

साडेचार. पीजी_डम्प. :-(

---

इंडेक्सवाली | पुढचा शुक्रवार, सकाळी ९:४०

दुपारी दोनला न्या. तासभर तोच स्नॅपशॉट धरून बसतोय. आणि तो डम्प दुसऱ्या मशीनवर कधी रिस्टोअर करून पाहिलाय का? नसेल तर उद्या शनिवारच आहे.